तारामासा आणि काचेची पेटी

आपले पुणे शहर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तरीही येथील काही घरांच्या दिवाणखान्यांत समुद्र येऊन बसला आहे. काचेची पेटी, तीत खारे पाणी, दगड, रंगीत मासे आणि तळाशी एखादा तारामासा, असा तो थाट असतो. हा छंद मुळीच वाईट नव्हे. निरीक्षणाची सवय लावणारा कोणताही छंद विद्यार्थ्यांस हितकरच होय. तथापि तारामासा घरच्या पेटीत ठेवावा काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर नकारार्थी आहे. आणि त्याची कारणे आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, तारामासा हा मासाच नव्हे. त्यास कणा नाही, मेंदू नाही आणि आपल्यासारखे रक्तही नाही. पाठीवरील एका चाळणीवजा भागाने आत येणारे समुद्राचे पाणी त्याच्या अंगातील नळ्यांतून खेळते, व त्या पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो इवले पाय चालतात. प्रत्येक भुजेच्या टोकाशी उजेड जाणणारा एक ठिपका असतो. कित्येक जातींचे तारामासे शिंपला किंचित उघडून आपले जठरच आत सोडतात व भक्ष्य तेथेच पचवितात. भुजा तुटली तर बहुधा नवी फुटते. अशा जीवाने कोणाचे मन मोहणार नाही?

परंतु ज्या रचनेमुळे हा जीव विलक्षण, तिच्यामुळेच तो पेटीत दुबळा ठरतो. बाहेरचे पाणी बिघडले की त्याचे अंतरंगही बिघडते, कारण खारटपणातील चढउतार सोसण्याची शक्ती त्याच्यात फार थोडी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरांच्या पेटीस ७ किलो क्षार हवेत. चैत्र-वैशाखात पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, आणि खारटपणा दिवसेंदिवस वाढत जातो. त्यात वीज गेली की पंप थांबतो. माशांच्या मलापासून होणारा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतू पेटीत रुजण्यास कित्येक आठवडे लागतात. हे सर्व एखादा दक्ष गृहस्थ सांभाळील. पण अन्नाचे काय? बाजारात मिळणारा निळा तारामासा खडकावरील सूक्ष्म जीवांच्या पातळ थरावर जगतो. घरच्या पेटीत तो थर लवकरच संपतो आणि हा मुका जीव महिनोन्महिने उपाशी झिजतो. त्यास ओरडता येत नाही, म्हणून मालकास पत्ता लागत नाही. मेल्यावर तो कुजतो व शेजारच्या माशांचे पाणीही नासवितो. गंमत अशी की, नखाएवढ्या तारामाशांची एक जात अशा पेटीत न सांगता वाढते. पण तिला कित्येक छंदी लोक उपद्रव समजून काढून टाकतात!

कोणी म्हणतील, समुद्र अफाट आहे. त्यातून एक तारामासा आणल्याने काय बिघडते? यास इतिहासाने उत्तर दिले आहे. फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली घरगुती समुद्रपेटीविषयी पुस्तक लिहिले. लोक त्यावर लुब्ध झाले, बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले आणि खडकांतील जिवंत कुंडे त्यांनी ओरबाडून नेली. त्या नाशाची खंत पुढे गॉस यांच्याच पुत्राने १९०७ च्या आपल्या आठवणींत नमूद केली. त्यांतील प्रत्येकाने थोडेच नेले होते. पण नेणारे पुष्कळ होते. दुसरा दाखला अमेरिकेतील. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे काढून टाकले. तेव्हा शिंपल्यांसारख्या जीवांनी सारी जागा बळकावली, आणि १९६६ साली त्याने कळविले की, तेथील १५ जातींपैकी ८ च उरल्या. एका प्राण्यावर किती जणांचा संसार अवलंबून असतो, हे यावरून कळावे.

मग हौस कशी भागवावी? आमचे मत असे की, तारामाशास आपल्या घरी बोलावण्यापेक्षा आपणच त्याच्या घरी जावे. कोकण पुणेकरांस काही परदेश नव्हे. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांस तेथील जीव दाखवू लागली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर हटते. पावसाळा टाळून, जाणत्या माणसासोबत, तेव्हा जावे. पाहावे, चित्र काढावे, टिपण ठेवावे. जीव पाण्याबाहेर उचलू नये, आणि उलटलेला दगड पूर्ववत ठेवावा. घरी पेटीच हवी असेल, तर गोड्या पाण्यातील काटक मासे पाळावेत व त्यांची नीट निगा राखावी.

ज्ञानाची हौस आणि मालकीची हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीस ओहोटीची एक सकाळ पुरते; दुसरीस सबंध समुद्रही पुरणार नाही. आमच्या शाळासोबत्यांनी पहिलीची कास धरावी, एवढीच आमची विनंती आहे.