फाईल सापडली, पण कुठली?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. कारण काय, तर एक फोल्डर!

एसक्यूएल सर्व्हरच्या लिनक्स कंटेनरमध्ये 'एसक्यूएलसीएमडी' ही कमांड पूर्वी '/ऑप्ट/एमएसएसक्यूएल-टूल्स/बिन' मध्ये असायची. 2024 मध्ये, 2022 आवृत्तीच्या सीयू14 अपडेटपासून, ती '/ऑप्ट/एमएसएसक्यूएल-टूल्स18/बिन' मध्ये गेली. आमच्या हेल्थचेकमध्ये जुना पाथ ठोकून बसवलेला. माझ्या लॅपटॉपवर जुनी इमेज पडून होती, तिथे सगळं हिरवंगार. बिल्ड सर्व्हरने '2022-लेटेस्ट' म्हणून ताजी इमेज ओढली. तिथे डेटाबेस चालू, पण कंटेनर 'अनहेल्दी'. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे मी स्वतः दोन दिवस म्हणत होतो. लाज वाटते.

मग जुगाड आला. हा फोल्डर नसेल तर तो बघा, तोही नसेल तर 'फाइंड' लावा. मीटिंगमध्ये टाळ्या.

माझं भांडण इथेच आहे. पाथमधलं ते 18 शोभेला लावलेलं नाही. 17 पर्यंत कनेक्शन आपोआप एन्क्रिप्ट होत नसे. 18 पासून होतं, आणि सर्टिफिकेटही तपासलं जातं. कमांड तीच, वागणं वेगळं! जुगाडाला फाईल सापडली, पण कंटेनरचं सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट तिला चालेना. मग कोणीतरी '-सी' जोडलं. म्हणजे 'समोर कोणी का असेना, विश्वास ठेव'. टेस्टच्या कंटेनरमध्ये एक वेळ ठीक. पण तीच ओळ कॉपी होऊन प्रॉडक्शनच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये जाऊन बसली. दार वाजलं की "कोण आहे?" हे विचारणंच आपण बंद केलं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

लोक म्हणतात, पाथ बदलून छळलं. मी म्हणतो, उपकार केले! जुन्याच पाथवर गुपचूप नवं वागणं आणलं असतं तर?

तेव्हा इमेजची आवृत्ती नेमकी लिहा, 'लेटेस्ट' नको. पाथ एकाच जागी व्हेरिएबलमध्ये ठेवा. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आवृत्ती तपासा, आणि जुळली नाही तर स्क्रिप्टला बोंब मारून तिथेच मरू द्या.

"एवढा वेळ कोणाकडे आहे?" असं विचाराल. अहो, जुगाड करायला होता की!

असो. सोमवारी प्रॉडक्शनमधलं ते '-सी' काढायचंय. तोवर तुमच्या स्क्रिप्टमध्ये एकदा डोकावून बघा.