नळ मोठा, नळी बारीक

मागच्या महिन्यात आमच्या घरी चांगलीच वादावादी झाली. बारावीतली भाची टॅबवर गणिताचा तास पाहायला बसली, पण चित्र दर दोन मिनिटांनी अडकू लागले. परीक्षा तोंडावर आलेली, पोर रडकुंडीला आली. तिचे बाबा मोबाइल कंपनीच्या नावाने खडे फोडत महागडा पॅक घ्यायला निघाले. मजा म्हणजे, टॅबला जो फोन इंटरनेट पुरवत होता, त्याच फोनवर तोच तास अगदी सुरळीत दिसत होता!

मग घोडे पेंड कुठे खात होते? टॅब फोनला ब्लूटूथने जोडलेला होता. दारापर्यंत मोठा नळ आला, पण आत बारीक नळी लावली, तर बादली लवकर कशी भरणार?

ब्लूटूथ मुळात जवळच्या उपकरणांना कमी विजेत जोडण्यासाठी आहे. 2004 च्या सुधारणेनंतर त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला 3 मेगाबिट झाला. प्रत्यक्षात फार तर 2 च्या आसपास हाती लागतो. फोन नवा असला, तरी इंटरनेट वाटण्यासाठी ब्लूटूथ साधारण तीच जुनी वाट वापरते. शिवाय 8 बिटांचा 1 बाइट होतो. म्हणजे 100 मेगाबाइटचा धडा उतरवायला, सगळे सुरळीत चालले तरी, सुमारे 7 मिनिटे लागणार. त्यात ब्लूटूथचाच हेडफोन कानाला असेल, तर वाटेकरी आणखी एक.

आम्ही ब्लूटूथ बंद करून फोनचा वाय-फाय हॉटस्पॉट सुरू केला. तास लगेच नीट दिसू लागला. आपणही हॉटस्पॉट लावाल तेव्हा पासवर्ड जरूर ठेवा, नाहीतर शेजारीपाजारीही आपल्या पॅकवर ताव मारतील.

मात्र ब्लूटूथला नावे ठेवू नका. हॉटस्पॉटने फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. वीज गेलेली असताना निरोप, ई-मेल किंवा एखादा साधा अर्ज पाठवायचा असेल, तर ब्लूटूथच कामाला येते. फक्त दोन्ही उपकरणे जवळजवळ ठेवा.

तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी एकच करा. जो व्हिडिओ टॅबवर अडकतो, तोच फोनवर लावून पाहा. तिथे नीट चालला, तर दोष पॅकचा नाही, नळीचा आहे. आमच्या भाचीच्या बाबांचे पैसे असेच वाचले. त्यातून भाचीला गणिताचा नवा सराव संच मिळाला, हे सांगायला नकोच!