चालतंय ना? मग झालं!

आपल्याकडे कुठल्याही दुरुस्तीचा शेवट एकाच वाक्याने होतो. "चालतंय ना? मग झालं!" मिक्सर असो, स्कूटर असो, नाहीतर सोसायटीचा पाण्याचा पंप. कारागीर हात पुसतो, आपण पैसे देतो, विषय संपतो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी ते बरोबरच आहे. पंपाने पाणी वर चढवलं की झालं त्याचं काम. कसं चढवलं याच्याशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना काय करायचंय?

पण एक जागा अशी आहे जिथे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला थेट देऊन टाकणं, म्हणजे आपल्या भाषेत पासथ्रू. या विकांताला त्याबद्दलच लिहितोय. ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा शेवटी कार्डाचा नाहीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे भाडेकरू आणि खालचं मूळ लिनक्स म्हणजे घरमालक, असं समजू. एरवी भाडेकरूला हवं ते सगळं मालकामार्फत मिळतं. पासथ्रूमध्ये मालक म्हणतो, "हे कार्ड घे, तुझं तू बघ." मग भाडेकरूचा ड्रायव्हर थेट कार्डाशी बोलतो, मधे कोणी नाही, म्हणून वेग जवळजवळ खऱ्या मशीनइतका मिळतो. आता गोम अशी की ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता मेमरीत स्वतःच लिहू-वाचू शकतं. याला डीएमए म्हणतात. भाडेकरूच्या हातातलं कार्ड उद्या मालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या मेमरीत शिरलं तर? ते होऊ नये म्हणून गेटवर एक वॉचमन असतो. त्याचं नाव आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय म्हणते. कुठल्या कार्डाने कुठल्या मेमरीत जायचं याचं रजिस्टर त्याच्याकडे. लिनक्समध्ये हे सगळं नीट बांधणारी व्हीएफआयओ नावाची व्यवस्था २०१२ साली, ३.६ कर्नलमध्ये आली.

म्हणजे पासथ्रूमध्ये वेग हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा म्हणजे विलगीकरण. आणि हा निम्मा भाग डोळ्यांना दिसत नाही, तिथेच सगळा घोटाळा आहे.

आता हे चालत नाही तेव्हा लोक काय करतात? गूगल करतात, सापडेल त्या पानावरच्या ओळी एकामागून एक चिकटवतात, रीबूट मारतात. विसाव्या रीबूटला कधीतरी चालतं. कुठल्या ओळीमुळे चाललं, देव जाणे. माझं मत असं की हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा. हे बंद आहे, बिघडलंय, की अडवलंय?

बंद असलेलं शोधणं सोपं. बायोसमध्ये दोन वेगवेगळी बटणं असतात, एक व्हर्च्युअलायझेशनचं आणि दुसरं आयओएमएमयूचं. पहिलं चालू असलं की व्हर्च्युअल मशीन मस्त सुरू होतं, म्हणून दुसरं बंद असेल अशी शंकाच येत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये डीमार किंवा एएमडी-व्हीआयच्या ओळी शोधा. त्या नसतील तर वॉचमन कामावर आलेलाच नाही, पुढचं सगळं व्यर्थ.

बिघडलेलं शोधायला संयम लागतो. मालकाच्या ड्रायव्हरने कार्ड आधीच पकडलेलं असतं. किंवा बूट होताना स्क्रीनवर अक्षरं दाखवणाऱ्या फ्रेमबफरने कार्डाची मेमरी धरून ठेवलेली असते. किंवा कार्ड दिलं पण त्याच्याच अंगावरचं एचडीएमआयचं ऑडिओ द्यायचं राहिलं. २०१८ साली आलेल्या आरटीएक्स २० मालिकेतल्या बऱ्याच कार्डांवर तर यूएसबी-सीचीही दोन उपकरणं असतात, म्हणजे एका कार्डाची चार तोंडं. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि नावी पिढीतल्या अनेक कार्डांचा प्रसिद्ध रोग वेगळाच. पहिल्यांदा व्यवस्थित चालतं, व्हर्च्युअल मशीन बंद करून परत लावलं की कार्ड उठतच नाही, कारण ते नीट रीसेट होत नाही. मग अख्खं मशीन रीबूट. त्यावर हौशी मंडळींनी स्वतंत्र कर्नल मॉड्यूल लिहिलं. हे सगळे खरे बिघाड. कंटाळवाणे, पण प्रामाणिक.

तिसरा प्रकार मात्र मला सतावतो. अडवलेलं.

इंटेलचा २०११ सालचा आय७-२६०० घ्या. त्यात व्हीटी-डी होतं. त्याचाच महाग भाऊ आय७-२६००के, ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठीचा, त्यात नव्हतं. जास्त पैसे मोजा आणि वॉचमन गमवा! पण निदान ते तपशिलाच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. त्याहून कडू उदाहरण कोड ४३ चं. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा विंडोज ड्रायव्हर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखायचा आणि सुरू व्हायला नकार द्यायचा. महागड्या क्वाड्रो कार्डांना ही आडकाठी नव्हती. नकार द्यायला माझी एकवेळ हरकत नाही, धंदा आहे. पण विंडोजमध्ये दिसायचं काय? कोड ४३, म्हणजे "या उपकरणाने अडचणी कळवल्या म्हणून ते थांबवलं आहे". अडचण कसलीच नव्हती! हायपरव्हायजरची ओळख लपवणाऱ्या दोन ओळी लिहिल्या की तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, निमूटपणे चालायचा. अखेर मार्च २०२१ मध्ये कंपनीने ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये जीफोर्सला अधिकृत मुभा दिली, तीही आधी बीटा म्हणून. मधल्या वर्षांत किती जणांनी पॉवर सप्लाय बदलले, कार्डं काढून परत बसवली, विंडोज नव्याने टाकलं, याचा हिशोब कोण ठेवणार? धोरणाला बिघाडाचा मुखवटा घातला की माणूस नसलेला रोग शोधत बसतो. माणसाचा वेळ खाणारा खोटा एरर मेसेज मला बगपेक्षाही वाईट वाटतो.

आता याच्या अगदी उलट उदाहरण बघा.

वॉचमन मेन गेटवर असतो. दोन फ्लॅटना आतून जोडणारं दार असेल तर त्यातून कोण गेलं-आलं ते त्याला दिसत नाही. काही पीसीआय एक्सप्रेस उपकरणं अशीच एकमेकांशी आतल्या आत बोलू शकतात. म्हणून लिनक्स अशा उपकरणांचा एक गट करतं आणि म्हणतं, द्यायचा तर अख्खा गट एकाच भाडेकरूला द्या. नाही दिला तर क्यूईएमयू साफ सांगतो की हा गट चालण्याजोगा नाही, गटातली सगळी उपकरणं व्हीएफआयओला बांधा. किती स्वच्छ मेसेज! काय चुकलं ते सांगतो, काय करायचं तेही सांगतो.

आणि आपण काय करतो? त्याचं तोंड बंद करतो. एसीएस ओव्हरराइड नावाचा एक पॅच आहे. तो कर्नलला सांगतो की आतलं दार भिंत घालून बंद केलंय, तू खुशाल वेगळे गट कर. भिंत कोणीही घातलेली नसते, फक्त रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं असतं. मूळ कर्नलमध्ये हा पॅच कधीच घेतला गेला नाही, आणि त्याला कारण आहे. तरी "हे टाका, झालं काम" या थाटात तो वाटला जातो. गंमत बघा, खोट्या मेसेजवर आपण विश्वास ठेवून कार्डं बदलली आणि खऱ्या मेसेजला पॅच मारून गप्प केलं.

माझा एक मित्र छोटी कंपनी चालवतो. त्याच्याकडे एक दणकट डेस्कटॉप, दोन कार्डं, दोन व्हर्च्युअल मशीन. एक त्याच्या टीमचं, दुसरं बाहेरच्या एका क्लायंटला भाड्याने, ज्याचं काम एक्स-रेच्या फोटोंवर. सेटअप दाखवताना तो खुशीत होता. मी गटांची यादी बघितली, सगळं कसं सुटंसुटं. नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डवर इतकं सुटं क्वचितच असतं, म्हणून बूटची ओळ बघितली. ओव्हरराइड होताच.

"अरे, पण चालतंय ना? सहा महिने झाले, एक तक्रार नाही," तो म्हणाला.

"तक्रार येणारच नाही. डेटा इकडून तिकडे गेला तर कुठला एरर येणार आहे?"

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम करायला हवं ना?"

"मुद्दाम करायला हवं, किंवा ड्रायव्हरने चुकून. आणि क्लायंटला तू काय लिहून दिलंयस?"

त्यावर तो गप्प बसला. करारात त्याने "पूर्णपणे वेगळं मशीन" असं लिहिलं होतं. ओव्हरराइड काढला तेव्हा दोन्ही कार्डं एकाच गटात निघाली. स्लॉट बदलून पाहिला, तर दुसरं कार्ड नेटवर्क आणि डिस्कच्या कंट्रोलरबरोबर जाऊन बसलं. शेवटी त्याने क्लायंटला फोन करून खरं काय ते सांगितलं, ते काम दोन महिने थांबवलं आणि वर्कस्टेशनचा बोर्ड घेतला, ज्यावर गट खरोखर वेगळे होते. खर्च झाला, चिडचिड झाली. पण त्या फोटोंमधल्या माणसांना या सगळ्याचा पत्ताही नव्हता, आणि त्यांची बाजू घेणारं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

आता कोणी म्हणेल, "मी घरी एकटा बसून गेम खेळतो, मला कशाला ही भीती?" बरोबर आहे. एका घरात एकच माणूस राहत असेल तर आतलं दार उघडं असलं म्हणून काय बिघडलं? खुशाल ओव्हरराइड लावा. माझा विरोध पॅचला नाही. आपण काय सोडून दिलं हे माहीत नसताना तो लावण्याला आहे. आणि घरी लागलेली सवय सोमवारी ऑफिसला येते, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि चाललं की ती काढून परत बघा, बंद पडतंय का ते. नाही पडलं तर ती ओळ फेकून द्या. जी ओळ उरेल तिच्यापुढे एक वाक्य लिहून ठेवा, ही का आहे आणि हिने काय गमावलं. ज्या ओळीपुढे असं वाक्य लिहिता येत नाही ती तुमची नाही, ती गूगलची आहे.

तर मंडळी, उद्या रविवार आहे. ज्यांच्या मशीनवर एकापेक्षा जास्त भाडेकरू आहेत त्यांनी चहा झाल्यावर दहा मिनिटं काढून कर्नलची बूटची ओळ एकदा वाचा. ओव्हरराइड सापडला तर सोमवारी कोणाला फोन करायचा ते तुम्हाला माहीत आहेच.