मान्ना थांबला त्यानंतर

३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत साक्षी होतात, सरत्या वर्षाबद्दल उपकारस्तुती होते आणि बाराच्या सुमारास आपण सगळे प्रार्थनेत म्हणतो, पुढचं वर्ष देवाच्या हाती. जानेवारीत मंडळीत बदलाचा विषय निघाला की हेच वाक्य पुन्हा कानावर येतं, पण विषय मिटवण्यासाठी. ‘देवावर सोडा, आत्ता काही नको.’ परदेशातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हल्ली हे फार ऐकू येतं. मुलांना मराठी प्रवचन समजत नाही, जुने पाळकसाहेब निवृत्तीला आले आहेत, तरुण कुटुंबं घराजवळच्या इंग्रजी चर्चमध्ये जाऊ लागली आहेत. अशा वेळी हात बांधून बसणाऱ्याचा भरवसा सवयीवर असतो, देवावर नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

यहोशवाचं पुस्तक नव्या वर्षाला पुन्हा वाचावं. इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर काढणारा मोशे गेलेला, पुढारी नवा आणि समोर दुथडी भरलेली यार्देन नदी. देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याला लागले, मग प्रवाह थांबला, आधी नाही. त्याच पुस्तकात थोडं पुढे एक गोष्ट आहे, तिच्यावर प्रवचन क्वचितच ऐकायला मिळतं. लोकांनी कनान देशाचं धान्य खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, पडायचा बंद झाला. चाळीस वर्षं रानात ज्यानं जगवलं तेच थांबलं. देणारा मात्र तोच राहिला, आता तो शेतातून देऊ लागला. मान्नासाठी रडत बसलेल्याला समोरचं पीक दिसलं नसतं.

आपल्या मंडळ्यांचा इतिहासही हेच सांगतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्याआधी सुमारे चाळीस वर्षं बोलणी चालली होती. कुणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, कुणी समजत्या वयातच देणारे; काहींकडे बिशप, काहींना बिशपच नको. अखेर दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले आणि बिशपही स्वीकारले गेले. सगळं गोड झालं असं नाही. एक मोठी मेथडिस्ट शाखा ऐनवेळी बाहेर राहिली, मालमत्तेचे दावे न्यायालयांत गेले. तरीही ज्यांनी आपल्या आजोबांची पद्धत थोडी सैल केली त्यांची श्रद्धा कमी होती, असं कोण म्हणेल?

आणि गाण्यांचं काय? भाषांतरित गीतं पाश्चात्त्य चालींवर गाणाऱ्या मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा, भजनाचा बाज रुजवला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ साली ते गेले. म्हणजे ज्या टिळकांच्या भजनांना आपण आज ‘आपली जुनी गाणी’ म्हणून जपतो, ती त्या काळी नवीच होती. जुन्याच्या बाजूनं बोलताना आपण एका बदलाचंच रक्षण करत असतो.

म्हणून मला वाटतं, येत्या वर्षी महिन्यातल्या एका रविवारची उपासना तरुणांच्या हाती द्यावी. शास्त्रवाचन दोन्ही भाषांत व्हावं, प्रवचन त्यांना कळेल त्या भाषेत. भजनं मात्र मराठीतच राहावीत. मुलं ती रोमन अक्षरांतून वाचून गातील, गाता गाता अर्थ विचारतील. ज्या आजींना देवाशी मराठीशिवाय बोलताच येत नाही, त्यांची उपासना इतर रविवारी तशीच चालावी. त्यांच्या प्रार्थनांवरच ही मंडळी उभी राहिली आहे आणि बदलाची घाई करणाऱ्यांनी हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये.

हा लेख मराठी मंडळाच्या अंकात लिहितो आहे, कारण गणेशोत्सवाच्या आरतीपासून मराठी शाळेपर्यंत जुनं किती जपायचं आणि किती बदलायचं, हाच प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घराला पडला आहे. ख्रिस्ती वाचकांना मात्र माझी थेट विनंती आहे. जानेवारीतल्या मंडळीच्या सभेला या, सोबत मुलांना आणा आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.