रणरागिणींचे आम्ही भाट

जून महिना उजाडला की जबलपुरास वीरांगनांची आठवण येते. झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरीस पडली ती १८५८ च्या जूनमध्ये. येथून जवळच नर्रई नाल्यावर आसफखानाच्या फौजेशी लढताना, आता शत्रूच्या हाती सापडणार असे दिसताच राणी दुर्गावतीने स्वतःची कट्यार स्वतःच्याच देहात खुपसली ती २४ जून १५६४ रोजी. गावभर हारतुरे होतात, भाषणे होतात. नोकरीनिमित्त येथे येऊन पडलेली आम्ही मराठी मंडळी तरी मागे कशी राहणार? गेल्या जूनमध्ये आमच्या मंडळात एका चिमुरडीला फेटा बांधून, तिच्या पाठीशी बाहुली बांधून उभे करण्यात आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजवल्या.

आमचे भांडण त्या टाळ्यांशी नाही. त्या कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत याच्याशी आहे. जी स्त्री मोगलांशी लढली, इंग्रजांशी लढली, तिचे आम्ही भाट. जी आमच्याशी लढली, तिचे नावही आम्हांस आठवत नाही.

लक्ष्मीबाईचेच पाहा. विष्णुभट गोडशांनी तिला प्रत्यक्ष पाहिले होते. वैधव्यात केशवपन न केल्याबद्दल ही राणी प्रायश्चित्त घेत असे, असे त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे. इंग्रजांपुढे न नमलेल्या त्या बाईला स्वतःच्या मस्तकावरील केसांचा हिशेब धर्मशास्त्राला द्यावा लागत होता! आमच्या वक्त्यांना घोडा दिसतो, तलवार दिसते. केस दिसत नाहीत.

त्या राणीला हिंदीत घरोघर पोहोचवणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान याच जबलपूरच्या. त्यांची कविता येथल्या शाळकरी पोरांना पाठ असते. स्वातंत्र्यलढ्यात त्या तुरुंगात गेल्या हेही सांगितले जाते. परंतु कन्या सुधा हिचा विवाह जातीबाहेर, प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्याशी करून देताना त्यांनी कन्यादान करण्याचे नाकारले, माणसाने माणसाचे दान करावयाचे नसते म्हणून, ही गोष्ट आम्ही येथे आल्यापासून एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेणाऱ्या पुरुषांना त्यांनी असे खडसावले की जोतीराव फुल्यांसारखा अपवाद वगळता कोणी बाजू घेईना. पुस्तक मागे पडले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत. त्र्याण्णव वर्षे! बुलढाणा आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. पण ताराबाईंची जयंती करावी असे येथे कोणाला सुचले नाही.

आणि रखमाबाई? अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुंबईची मुलगी पुढे नवऱ्याच्या घरी नांदावयास गेली नाही. नवऱ्याने १८८४ साली कोर्टात खेचले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करीन म्हणून सांगितले. ‘केसरी’ तिच्या विरुद्ध उभा होता. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, बाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे बायकांवर उपचार केले. १९५५ साली त्या वारल्या.

यांची तसबीर मंडळाच्या भिंतीवर लावावी अशी सूचना आम्ही मांडली. “अहो, तो घरगुती मामला,” असे उत्तर मिळाले. घरगुती! जणू घर म्हणजे रणांगण नव्हेच.

आम्हांस हे शब्द झोंबले त्याला कारण आहे. आमच्या वसाहतीतील एक मुलगी गेल्या वर्षी सासर सोडून आईवडिलांकडे परत आली. ती नोकरी करते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चिमुरड्या राणीला टाळ्या देणाऱ्या त्याच मंडळींनी चहाच्या वेळी तिच्याविषयी जे काही बोलून घेतले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आम्ही तेथे होतो. एक शब्दही न बोलता आम्ही कप रिकामा केला, हेही कबूल केले पाहिजे. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करून साहेबापुढे गप्प बसण्याची सवय होते, पण तेथे तर कोणी साहेब नव्हता.

या चैत्रात आमच्या घरच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे सौभाग्यवतींनी त्या मुलीकडे व तिच्या आईकडे नेले. दोघी आल्या. त्या येणार असे कळल्यावर बाकीच्यांपैकी सहा जणींना अचानक कामे निघाली. आंब्याची डाळ आणि पन्हे पुष्कळ उरले. दुसऱ्या दिवशी ते आम्ही कचेरीत नेले, आणि मंडळाच्या चिटणिसांनी दोनदा मागून घेतले.