माऊसपॅड आणि घर्षण

संगणकावरील खेळांसाठी माऊसपॅड घ्यायला तुम्ही सीताबर्डीच्या बाजारात जाल, तेव्हा वेष्टनावरील 'गेमिंग' या शब्दासाठी वडिलांचे जादा पैसे मोजू नका. त्या शब्दाला कोणतेही एकक नाही! मोजता येते ते घर्षण.

कॅरमच्या पटावर आपण बोरिक पावडर टाकतो, ती घर्षण कमी व्हावे म्हणून. पण तेथे स्ट्रायकर सुटला की हात मोकळा. माऊस हातातच राहतो. तो जितका वेगाने न्यायचा, तितकाच नेमका थांबवायचाही असतो. म्हणून सर्वांत गुळगुळीत तेच उत्तम, हे मला पटत नाही. खरी अडचण येते ती स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा बरेच जास्त असले म्हणजे. माऊस आधी अडतो, मग एकदम निसटतो आणि नेम चुकतो.

पडताळा घ्या. पॅड फळीवर पक्के बसवा, माऊस त्यावर ठेवा (वायर सैल असू द्या) आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. माऊस घसरू लागताच उंचीला पायाच्या लांबीने भागा. पाया 30 सेंमी, उंची 6 सेंमी, तर स्थितिक घर्षणगुणांक 0.2. आता फळी थोडी उतरवून माऊसला टिचकी मारा. ज्या उतारावर तो एकसमान वेगाने घसरेल, तेथे गतिक गुणांक मिळतो. दोहोंत अंतर कमी, ते पॅड घ्यावे.

कापडी पॅड ओलावा धरते. शिक्षकांनी हा प्रयोग नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत करून घ्यावा. पावडर मात्र नको. माऊसच्या पोटातील संवेदक पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे टिपतो, त्याला धूळ चालत नाही.