लपलेली वस्तू शोधण्याच्या गेममध्ये मजा नेमकी कशात असते?

'हिडन फोक्स' आणि 'जून्स जर्नी' हे दोन्ही गेम २०१७ मध्ये आले. दोन्हींत काम एकच: गच्च भरलेल्या चित्रात लपलेलं शोधायचं.

सापडल्यावर 'अरे, समोरच तर होतं!' असं वाटलं, की मजा येते. वस्तू नुसती अंधुक केली, तर उरते चिडचिड.

'हिडन फोक्स'मध्ये वेळेचं बंधन नाही. प्रत्येक शोधासाठी सूचक ओळ मिळते.

'जून्स जर्नी'त १९२० च्या दशकातली रहस्यकथा आहे. गेम फुकट आहे, पण दृश्य खेळायला 'एनर्जी' लागते. ती संपली की वाट पाहा, नाहीतर पैसे मोजा. म्हणजे इथे 'पुढे काय झालं?' ही उत्सुकताच विकली जाते.

त्यामुळे खेळताना एवढंच बघा: तुम्हाला अडवतंय काय, कोडं की एनर्जी?